पोपट छापाचं पेरोके

चहा उकळतोय तोवर ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकाल तर तो मीठमसाला लावून सांगेल, आणि खरं सांगतो, ह्या गोष्टीला वरून मसाला लावायची काही गरज नाही. असा घोळ घातलाय मी, की भालकीच्या बाजारात लोक अजून मला बघून आधी गप्प होतात आणि मी पुढं गेलो की हसतात.

काय केलं मी? टॉवेलाला साहेब करायला गेलो!

आमचे टॉवेल तुम्ही बघितलेत. बघितलेत काय, अंग पुसलंय त्यांनी! पोपट छाप. कोपऱ्यात हिरवा पोपट, लाल चोच. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडलांनी, सोलापूरच्या मागावरून कापड विणून आणून हा छाप सुरू केला. टॉवेल, पंचे, चादरी. स्वस्त आणि चिवट. खटकचिंचोळीपासून निर्ण्यापर्यंत असं घर नसेल, जिथं दोरीवर पोपट वाळत नाही. आहेराला पोपट, ऊस तोडताना डोक्याला पोपट, बाळंतिणीच्या खोलीत पोपट. आणि फाटला की म्हशीची पाठ पुसायला, तोच पोपट.

ती म्हैस मला खुपायची.

तशात मी हैदराबादला व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्याला गेलो. मोठं हॉटेल. बारीक चष्म्याचा एक माणूस स्टेजवर फिरत फिरत सांगत होता, "स्वस्त विकणाऱ्यांचे दिवस संपले. आता गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, अनुभव घेतं." मी ते ऐकून खोलीवर आलो आणि बाथरूममध्ये गेलो. तिथं टॉवेल होता. गुंडाळलेला, वर फीत बांधलेली. हात लावला तर बोटं आत बुडाली हो! मी त्यात तोंड खुपसून किती वेळ उभा होतो, मलाच माहीत नाही. आमचा पोपट आठवला. लाज वाटली. खोटं कशाला बोलू?

घरी आल्या आल्या अप्पांना म्हणलो, "अप्पा, आता आपण वर जायचं."

"माडीवर?"

"न्हाई. लक्झरीत."

"लक्झरी संध्याकाळी सुटती, पुण्याला जाती. कामून? कोण आजारी हाय का?"

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण मला त्या दिवसांत प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अहो, भालकीत हे घ्यायला कोण येणार?"

"मोठे लोक."

"मोठे लोक बीदरला जातात. त्यांच्याहून मोठे हैदराबादला. भालकीत राहतो आपण."

मी तिच्याकडं असं बघितलं, जसं दूरचं दिसणारा माणूस जवळचं दिसणाऱ्याकडं बघतो.

हैदराबादचा एक डिझायनर गाठला. कानात बाळी, अंगात काळा सदरा, बोलणं इतकं हळू की आपण आपोआप वाकतो. तो म्हणाला, पोपट चालणार नाही. पोपटाला फ्रेंचमध्ये म्हणतात पेरोके. बस, ठरलं! मी धावत अप्पांकडं.

"अप्पा, नवं नाव. पेरोके."

"पेरू का?"

"पेरोके!"

"तेच म्हणायलोय. पेरू कामून? आपण टॉवेल विकायलोत."

तरी अप्पा आडवे आले नाहीत हं. खरं तर त्यांनाही हौस आली. डिझायनर म्हणाला होता, संस्थापकाचा फोटो लागेल, काळापांढरा, न हसता काढलेला. अप्पांनी दाढी केली, काळं जाकीट शिवून घेतलं, स्टुडिओत जाऊन बसले. फोटोत असे गंभीर आले, असे गंभीर, की आम्ही घरचेच जरा दचकलो. अप्पा मात्र खूश. "राजावानी दिसायलोय," म्हणाले.

दुकान बदललं. अप्पांचा लाकडी फडताळांचा पसारा, चादरींचे ढीग, जमिनीवरची गादी, सगळं मागच्या गोदामात. भिंती काळ्या. काचेचं दार. एसी. मधोमध एक काळा चौथरा, त्यावर एकच पांढरा टॉवेल, वर दिवा. टॉवेल नाही, अतिदक्षता विभागातला पेशंट वाटत होता. पांढरी निशिगंधाची फुलं. बारीक बासरी. भिंतीवर अप्पांचा तो फोटो, दारापेक्षा मोठा.

आणि मग फ्लेक्स.

काळंभोर. अर्ध्यावर अप्पांचं तोंड. खाली बारीक, नागमोडी, पांढऱ्या अक्षरांत 'पेरोके'. त्याखाली: 'अप्पांचा नवा प्रवास. रविवारी सकाळी. आपली उपस्थिती प्रार्थनीय.' बाकी काही नाही. टॉवेल नाही, पोपट नाही, दुकान असा शब्दही नाही. मी विचारलं, "कळेल का लोकांना?" डिझायनर म्हणाला, "लक्झरी ओरडत नाही."

आता मला सांगा, बसमधून जाता जाता तुम्ही ते 'पेरोके' काय वाचाल? ती नागमोडी वळणं! भालकी बस स्टँडवर, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, खटकचिंचोळीच्या फाट्यावर, सगळ्यांनी एकच वाचलं. 'परलोक'. भालकी पडलं कर्नाटकात, म्हणून शेजारी कन्नडमध्येही छापलेलं, तेही तसंच नागमोडी. ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांच्यासाठीही अप्पा गेलेच.

मला कसं कळलं नाही? अहो, खुणा होत्या की! लोक माझ्याशी एकदम मऊ बोलायला लागले. मला वाटलं, लक्झरीचा मान हा! दूधवाल्यानं तर शनिवारी खांद्यावर हात ठेवला.

"सांभाळा मालक. आता तुमच्यावरच समदं."

"व्हय की. जबाबदारी वाढली."

"लई त्रास झाला का?"

"महिनाभर! पण शेवट एकदम छान झाला बघा."

"नशीबवान माणूस," तो म्हणाला आणि डोळे पुसले. मला वाटलं, मलाच म्हणतोय.

रविवार उजाडला. डिझायनरचा बेत असा: पाहुणे जमले की बासरी मोठी करायची, मागचा काळा मखमली पडदा बाजूला सारायचा आणि संस्थापकांनी प्रकट व्हायचं. म्हणून अप्पा जाकीट घालून पडद्यामागं स्टुलावर बसले होते. हातात चहाचा थर्मास.

आणि लोक आले. लोक म्हणजे किती! निर्ण्याहून जीप, खटकचिंचोळीहून टेंपो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बायकांच्या डोक्यावर पदर. चपला बाहेर काढून, हळू पावलांनी आत. सुनंदाला म्हणलो, "बघितलंस? वातावरणच असं केलंय की माणूस आपोआप शिस्तीत येतो."

सुनंदाचा चेहरा पांढरा पडायला लागला होता.

तेवढ्यात खटकचिंचोळीच्या शांताक्का आत आल्या. पोपट छाप सुरू झाला तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी तो फोटो बघितला. फुलं बघितली. चौथऱ्यावर पांढऱ्या टॉवेलाची घडी बघितली. आणि टाहो फोडला, "अप्पाऽऽ! न सांगताच गेलाव की ओ!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? कसं सांगू? शांताक्का माझ्या गळ्यात पडलेल्या, त्यांच्यामागं आणखी दोघी! माझं तोंड त्यांच्या खांद्यात दाबलेलं. मी "जित्ते हायत, जित्ते हायत" म्हणत होतो, तर त्या म्हणायला लागल्या, "व्हय रे लेकरा, आपल्या मनात जित्तेच हायत!"

कसाबसा सुटलो आणि पडद्यामागं धावलो. म्हणलं, अप्पांना बाहेर काढावं, घोळ मिटवावा. तर अप्पा स्टुलावर बसलेले, डोळे भरलेले, पडद्याच्या फटीला कान लावलेला. मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"अप्पा, अहो लोक तुम्हाला..."

"गप. ऐकू दे. मेल्यावर कुठं ऐकाया मिळतंय?"

आता बोला! मी बाहेर येऊन हात जोडून उभा. लोक फोटोला हार घालत होते. कुणी सांगत होतं, लेकीच्या लग्नात अप्पांनी चादरी कशा पोचवल्या. कुणी म्हणत होतं, घरात आजारपण असलं की अप्पा स्वतः घरी यायचे. शांताक्का म्हणाल्या, "त्या गादीवर बसलं की माहेरी आल्यावानी वाटायचं." बासरी आपली चालूच. पडद्यामागून एकदा नाक ओढल्याचा आवाज आला, पण सगळेच नाक ओढत होते.

मग निर्ण्याचे बसवंतअण्णा. भिंतीला टेकून बसले होते. हळूच शेजारच्याला म्हणाले, "देवमाणूस होता. पण खरं सांगू का? टॉवेल बुटका असायचा."

शेजारचा म्हणाला, "व्हय. फुडून झाकलं की मागून उघडं."

फर्रकन पडदा फाटला!

"कोण म्हणायलंय बुटका?"

काळं जाकीट, लाल डोळे, हातात थर्मास, वरून तो खास हैदराबादी दिवा. अप्पा प्रकट झाले! डिझायनरनं सांगितलं होतं त्याहून भारी!

काय किंकाळी उठली म्हणून सांगू! जो तो दाराकडं. दार काचेचं, लख्ख पुसलेलं, उघडं आहे समजून पहिले चौघे त्यावर आदळले. शांताक्का चौथऱ्यावरचा टॉवेल डोक्यावर घेऊन मटकन बसल्या. बसवंतअण्णांना पळता येईना. ते जागच्या जागी हात जोडून थरथरत होते, "लांब हाय, अप्पा! टॉवेल लई लांब हाय! घोट्यापत्तर येतंय!"

समोरच्या ओट्यावरचे करीमसाब शिंपी, अप्पांचे जुने दोस्त, तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधून पोचले. अप्पांना बघून आधी भिंत धरली. मग त्यांना मिठी मारली आणि मग जे शिव्या द्यायला लागले! "तेरी मय्यतकू आया मैं, और तू चाय पीको बैठा!"

त्यानंतर बाहेर ओट्यावर चहा झाला. हसणं झालं. अप्पांना लोकांनी हात लावून लावून बघितलं. टेंपो भरून आले होते, टेंपो भरून गेले.

टॉवेल? एक नाही विकला.

दुपारी दुकानात आम्ही दोघंच. अप्पा फोटोवरचे हार काढत होते. मी म्हणलो, "चुकलं अप्पा." ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेलेल्या अप्पाला बघायला समदे आले रे नागू. तुझं दुकान बघायला कुणी आलं न्हाई." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

फ्लेक्स त्याच दिवशी उतरवले. पण ते दुकान लोकांच्या मनातून उतरलं ते उतरलंच. लग्नसराई आली, गेली. बायका काचेपर्यंत यायच्या, आत डोकावायच्या आणि पदर सावरून पुढं जायच्या. "आत गेलं की कसंतरीच होतंय," असं एक जण सुनंदाला म्हणाली. मी रोज सकाळी टॉवेलावरची धूळ झटकायचो. मऊ टॉवेलावर धूळ फार बसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डिझायनरला फोन केला तर तो म्हणाला, "थांबा. लक्झरीला वेळ लागतो." मी थांबलो. दुसरं करणार काय?

अप्पा तेव्हापासून जरा वाळले. दुकानात येऊन बसायचे, त्या फोटोकडं पाठ करून. आपल्याच मयताला जाऊन आलेला माणूस, काय बोलणार? एक दिवस उठले, गोदामातून जुन्या पोपट छापाचे गठ्ठे काढले आणि समोर करीमसाबांच्या ओट्यावर नेऊन मांडले. गादी टाकली. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. पहिल्याच आठवड्यात ओटा पुरेना. सोलापूरला निरोप गेला आणि नवा माल आला तो वीतभर लांब. बसवंतअण्णांनी त्यातले कितीतरी नेले म्हणतात, भीतीनं का प्रेमानं, देव जाणे.

मी काचेआडून बघायचो. मधे रस्ता, तिकडं गलका, इकडं बासरी. शेवटी बासरी बंद केली. मग एसीची घरघर जास्तच ऐकू यायला लागली.

आणि मग एका मे महिन्याच्या दुपारी दार उघडलं!

खरंच उघडलं. निर्ण्याकडचं एक जोडपं. नवरा, बायको, हातात पिशवी. मी ताडकन उभा राहिलो. गळ्याचं बटण लावलं. "या या, बसा!" दोघं सोफ्याच्या कडेला बसली. मी चौथऱ्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी उचलून आणला, बाईंच्या मांडीवर पसरला. त्यांनी उलट्या हातानं हळूच गोंजारला.

"लई मऊ हाय ओ," त्या म्हणाल्या.

म्हणलं, सुनंदाला फोन करतो, डिझायनरला फोन करतो, सगळ्या जगाला फोन करतो! आवाज शक्य तितका हळू ठेवून विचारलं, "बांधून देऊ?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं टॉवेल नीट घडी करून माझ्या हातात परत दिला.

"न्हाई ओ," तो म्हणाला. "टॉवेल आमी समोर अप्पांकडंच घेणार हाव. पण तितं लई गर्दी हाय. अप्पा म्हणले, तुमचा नंबर येईस्तोवर समोर एसीत जाऊन बसा. पोरगं कवाचं एकटंच बसलंय."

पन्नाशीला आलेलं ते पोरगं मग उठलं, दोघांना पाणी दिलं आणि एसी जरा वाढवला.