सुताचं दुसरं टोक

आधीच सांगून टाकते, असले अनुभव वाचून मी आजवर नाकच मुरडत आले आहे. भोरला आमच्या आळीत कुणाला अमावस्येला काही दिसलं, की माझी आई मुद्दाम मला हाक मारायची, "ये गं, तूच सांग आता यांना." आणि मी सांगायचे. अपुरी झोप, ॲसिडिटी, भीती... काही ना काही कारण असतंच हो! लोक चिडायचे, मला मजा यायची.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात, कॅन्सरच्या रेडिएशन विभागात. निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी एक्स-रे काढते. काढू देत. किरण कुठे आणि किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. मशीनकडून ते नेमके तिथेच कसे पोचतील आणि शेजारच्या चांगल्या भागाला कसे लागणार नाहीत, हे गणित माझं. म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवरच माझं पोट आहे. पण ती मोजता येते. मोजता आलं नाही तर मी मानत नाही... मानत नव्हते.

माझ्याकडे जास्त करून लहान मुलं येतात. त्यांच्या बाबतीत सगळ्यात अवघड काय असेल, तर गणित नव्हे. मूल टेबलावर झोपतं, चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क बसवून तो टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. आणि मग आम्ही सगळे बाहेर जातो. सगळे. जाडजूड दार बंद होतं आणि ते पोर आत एकटं. आम्ही त्याला कॅमेऱ्यात बघतो, माइकवरून बोलतो, पण जवळ कुणीच नसतं. बरीच मुलं इतकी घाबरतात की त्यांना रोज भूल द्यावी लागते.

ईशू विंझरची, भोरकडच्या एका खेड्यातली. सहा वर्षांची, डोळा तिरळा झालेला, चालताना तोल जायचा, पण तोंड मात्र अखंड चालू. मेंदूच्या मुळाशी गाठ होती. या गाठीचं जे होतं ते मला ठाऊक होतं, डॉक्टरांनी तिच्या वडिलांनाही सांगितलं होतं — रेडिएशननं काही महिने मिळतील. काही महिने, बस्स. वडील, संपत, दुधाचा टेम्पो चालवायचे. रोज पहाटे दूध घेऊन पुण्याला यायचे, आता शेजारच्या सीटवर ईशू. मी भोरची म्हटल्यावर गडी जरा सैलावला. "मंग आपल्यातल्याच की म्याडम तुमी!"

आई मात्र एकदाही आली नाही. सुरेखा तिचं नाव. पोटुशी होती, मध्येच रक्त गेलं म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. त्या घाटरस्त्यानं, त्या टेम्पोत बसून येणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडे एक युक्ती करतात. मुलाच्या हातात दोरीचं टोक द्यायचं, दोरी दाराखालच्या फटीतून बाहेर काढायची आणि दुसरं टोक आई-बापानं धरायचं. मुलानं ओढलं की बाहेरच्यानं ओढायचं. आहेस का? — आहे. एवढंच. पण भल्याभल्या रडक्या पोरांची भूल त्यावर सुटलेली मी पाहिली आहे.

मी ईशूला छान रंगीत दोरी दाखवली, तर बाईसाहेबांनी खिशातून सुताची गुंडी काढली. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळून उरलेलं पांढरं सूत. आईनं एक वेढा तोडून स्वतःच्या बोटाला बांधला आणि बाकीची गुंडी हिच्याकडे दिली होती.

"पप्पा नको. आई धरनारे," ईशू म्हणाली.

"आई विंझरला आहे ना गं?"

"मग? सूत पार तितपातुर जातंय." आणि बापाकडे वळून, "व्हय ना ओ पप्पा?"

संपत माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हय तर. आईच्या बोटाला हाय त्याचं टोक."

"टेम्पोखाली सापडून तुटलं तर?"

"न्हाई तुटत. सवाष्णीनं वडाला बांदलेलं हाय त्ये."

मग रोज हेच. आत ईशू सूत ओढायची, बाहेर संपत दाराशी उकिडवे बसून उलट ओढायचे, आणि ईशू समजायची की आईनं ओढलं. बाप स्वतःचा हात लपवून बायकोचा हात पुढे करत होता. मला त्या माणसाचं फार वाटायचं. ईशूला भूल कधी द्यावीच लागली नाही.

एक दिवस मशीनचं कूलिंग बिघडलं. सकाळची ट्रीटमेंट करता करता संध्याकाळवर गेली, आणि चालू झाल्यावर पुन्हा मध्येच किरण बंद पडले. आत दिवे, आवाज, सगळं थांबलं. ईशू घाबरली. कॅमेऱ्यात दिसत होतं, हात सारखा सूत ओढतोय. संपत बाहेरून ओढत होते, मी माइकवर बडबडत होते. थोड्या वेळात मशीन सुरू झालं, उरलेली ट्रीटमेंट झाली.

संपतचा मोबाईल दुपारीच बंद पडलेला. माझ्या टेबलावर चार्जिंगला लावला, चालू केला आणि लगेच वाजला. त्यांनी स्पीकरवर घेतला. सुरेखा. हॅलो नाही, काही नाही.

"आज लई येळानं झालं ना ओ? आन् मधीच काय झालं? किती वढत व्हती ती! माजं बोट काळंनिळं पडलंय. म्या पन वढलं, कळलं ना तिला?"

संपत माझ्याकडे बघत राहिले. ईशू मात्र मजेत बिस्किट खात म्हणाली, "कळलं!"

मी काय केलं असेन? अर्थात कारण शोधलं. संपतनी मधल्या वेळात दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कळवलं असेल. शपथेवर नाही म्हणाले. बाईचा अंदाज असेल, योगायोग असेल. आमच्या मशीनच्या बिघाडाबद्दल बाहेर कुणाला माहीत असणार होतं? छे, असेल काहीतरी, म्हणून मी विषय बंद केला.

ट्रीटमेंट संपली. या गाठीत नंतर काही महिने तरी मुलं हसती-खेळती राहतात. ईशूला तेवढंही मिळालं नाही. गेली ती. विंझरला, घरी, आईच्या मांडीवर. संपतचा फोन आला तेव्हा मी एका दुसऱ्या मुलाचा प्लॅन करत होते. फोन ठेवला आणि तो प्लॅन पूर्ण केला. करावाच लागतो. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

पुढे एकदा भोरला आले होते, तेव्हा राहवेना. नसरापूरवरून मार्गासनी करत विंझरला गेले. दुपारची वेळ. सुरेखाला मी पहिल्यांदाच पाहत होते — दिवस भरत आलेले, चेहरा उतरलेला, डोळे अगदी ईशूचे. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या, तशी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, ती आजून वढती."

मला आधी कळलंच नाही.

"बोटाचं सूत सासूबाईंनी कापून टाकलं. पन वढती. म्या पन वढते. हाय म्हनून सांगते तिला." मग घाईघाईनं, "ह्या मला देवरुष्याकडं उतारा करायला न्येनारेत. त्यो म्हनं कायमचं बंद करतो. तुमी शिकलेल्या हायसा ताई, तुमी सांगा ह्यास्नी. तिनं इचारलं आन् मी बोललेच न्हाई तर? कुठं जाईल वो ती?"

तेवढ्यात तिचं बोट हललं.

मी चटकन ते मुठीत धरलं. खरं सांगायचं तर शहानिशा करायलाच धरलं, सवय आहे माझी. स्नायू आखडला तर बोट आत वाकतं. हे वाकत नव्हतं. सरळ पुढे चाललं होतं, टोकाला धरून कुणी ओढावं तसं, अगदी हलकं. त्या हलक्या ओढीनं माझी मूठही पुढे गेली. मुळाशी दोऱ्याचा लालसर वळ, आणि दोरा नाही. सुरेखानं बोट मागे घेतलं, एकदाच. मग सगळं शांत झालं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. वाईट नव्हती ती म्हातारी, भ्यालेली होती. "मेलेलं लेकरू आईला वढतंय म्याडम. पोटातलं घिऊन जाईल त्ये."

मी उठले आणि माझ्या खास आवाजात, भोरच्या आळीतल्या त्या आवाजात सांगितलं, की गरोदरपणात मनगटाला सूज येते, शीर दाबली जाते, बोटं उडतात, मुंग्या येतात. भूतबाधा नाही, काही नाही. बाळंत झाली की आपोआप थांबेल, उताऱ्याबिताऱ्याला नेऊ नका. वैद्यकीयदृष्ट्या यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि माझा स्वतःचा एकाही शब्दावर विश्वास नव्हता. पण म्हातारीचा बसला, उतारा रद्द झाला. निघताना सुरेखानं माझे दोन्ही हात धरले, सोडेचना.

काही दिवसांनी संपतचा फोन — भोरला दवाखान्यात मुलगा झाला, दोघं सुखरूप. मी अगदी मनापासून आनंदले. तर फोन सुरेखानं घेतला.

"ताई, तुमी म्हनला व्हता तसंच झालं. थांबलं."

आयुष्यभर माझंच म्हणणं खरं ठरावं म्हणून भांडले आहे. त्या दिवशी खरं ठरलं, आणि ते नकोसं झालं.

आजही उलटसुलट विचार करते. शीरच दाबली गेली होती म्हणावं, तर आमचं मशीन मध्येच थांबलेलं तिला विंझरला कसं कळलं? माझी मूठ कशानं ओढली गेली? आणि शीर नव्हती म्हणावं, तर नेमकं बाळ आल्यावरच कसं थांबलं? दोन्हीकडून हिशेब चुकतो. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, पण मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नका.

फोनवर सुरेखाचं बोलणं तेवढ्यावर संपलं नव्हतं. ती म्हणाली, "आता मीच वढते ताई रोज. तिकडून काय न्हाई." मग आवाज खाली आणून, "तिला वाटलं आसंल का वो, आईला आता दुसरं आलं म्हनून...?"

मागे बाळ रडायला लागलं होतं. तिनं ते उचललं नसावं, कारण ते रडतच राहिलं.