मेंढरं विकली त्या दिवशीचे दोन फोन

आमच्या घरात फोन उचलणं ही उधळपट्टी समजली जायची. वडील तामलवाडीच्या आसपास मेंढरं चारायचे आणि मी तुळजापूरला कॉलेजात होतो, तेव्हापासूनची ही रीत. त्यांची एकच रिंग आली की समजायचं, सगळं बरं आहे. फोन वाजतच राहिला तर त्यांना काही बोलायचंय. तो मी कट करायचा आणि सवड झाली की आपण लावायचा. कट करणं म्हणजे झिडकारणं नव्हे. तुमचा पैसा जाऊ नये, मी लावतो, एवढाच त्याचा अर्थ.

घरातला पहिला पदवीधर मी. पुण्यात पहिली नोकरी मिळाली तीही या रितीमुळंच. दोन तरुणांनी मिस्ड कॉलवर चालणारी एक नवी कंपनी काढली होती. शेतकऱ्यानं एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र तो आपोआप कट करणार आणि लगेच उलट फोन करून त्याला मराठीतून बाजारभाव नि हवामान ऐकवणार. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळायला लागलं, तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, मराठीत सांग. मग मी आमच्या घरातल्या रिंगांची पद्धत सांगितली. दोघं ऐकत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी मला कामावर घेतलं. माझ्या बोलण्याला ते कधी हसले नाहीत. ते उपकार मी विसरलेलो नाही.

गावी जाऊन हे सांगितलं तर वडिलांना काही केल्या उमजेना.

“म्हंजी लोक तुमाला फोन लावणार, तुमी उचलणार न्हाय, आन् त्याचा पगार?”

“व्हय, आबा.”

“आरं, ह्ये काम आपला तलाठी कवाधरनं फुकट करतोय की!”

चुलीपुढं बसलेली आई पदर तोंडाला लावून हसली. पण पुढं बाजारात कुणी विचारलं की वडीलच सांगायचे, पोरगं पुण्याला मोबाईलच्या कंपनीत सायेब हाय.

दोन-तीन वर्षं कंपनी भराभर वाढली. बसायला जागा पुरेना. मग एकाएकी फोनवर बोलणं जवळपास फुकट झालं. एकदा रिचार्ज मारला की महिनाभर हवं तितकं बोला. लोकांना मिस्ड कॉलची गरजच उरली नाही आणि आमची गिऱ्हाइकं गळायला लागली. वडील मात्र बदलले नाहीत. “फुकट कोण देतंय? आत्ता देत्याल, मागनं वसूल करत्याल,” असं म्हणून ते रिंगच देत राहिले, आणि मी कटच करत राहिलो.

त्याच दिवसांत त्यांचे गुडघे धरायला लागले. हायवेच्या कडेची पडीक रानं प्लॉटिंगमध्ये गेली होती, चारायला लांब जावं लागायचं. मीच दोन वर्षं त्यांच्या मागं लागलो होतो की मेंढरं विका आणि घरी बसा. शेवटी ते म्हणाले, “बरं. तू शिकलेला हाईस. तू म्हणशील तसं.”

मेंढरं बाजारात न्यायची ठरली, त्याच्या आधीच्या रविवारी मी गावी गेलो आणि सहज त्यांच्यामागं रानात चाललो. दुपारी एक मेंढी व्याली. वडील पटकन खाली बसले, कोकराचं नाक-तोंड पुसलं, ते घोंगडीच्या खोळीत घातलं आणि उठून चालायलाही लागले. सबंध दिवसात त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही. मी मागून बघत होतो. तिथंच माझ्या मनात पक्कं झालं की विकायची नाहीत. एखादा गडी लावू, माझ्या पगारातून देऊ.

ते तिथंच सांगायला हवं होतं. पण मला भाव ऐकून, विचार करून बोलणारा माणूस दिसायचं होतं. म्हणालो, “बाजारात गेलात की रिंग द्या. व्यापारी काय म्हणतो ते ऐकून मी सांगतो.”

“तुजा फोन आल्याबिगर न्हाय देत,” ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी आमच्या कंपनीत पैसे गुंतवणारी माणसं येणार होती. त्यांनी पैसे दिले तर कंपनी तगणार, नाही तर बंद होणार. खेड्यातल्या माणसाला अजून आपली गरज आहे हे त्यांना पटवून द्यायचं काम माझ्याकडं दिलेलं. मी पडद्यापुढं उभा राहून मेंढक्यांच्या रिंगांची गोष्ट सांगत होतो आणि खिशातला फोन वाजायला लागला. वडील होते. हात आपसूक गेला, मी कट केला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मनात म्हटलं, एवढं संपलं की लावतो.

तिसऱ्यांदा वाजला नाही.

पाऊण तासानं बाहेर येऊन मी लावला. पलीकडं बाजाराचा गलका होता, पण मेंढरांचं ओरडणं नव्हतं.

“दिली,” वडील म्हणाले.

मी म्हणालो, “भाव बरा मिळाला?”

“बरा हाय.”

पुढचं मला मागाहून कळलं. व्यापाऱ्याचा पिकअप अर्धा भरलेला होता आणि त्याला निघायची घाई होती. आत्ता बोला, न्हायतर चाललो, असं तो म्हणत होता. शेजारचे लोकही म्हणाले, पुढच्या बाजारी भाव उतरंल. वडिलांनी मला दोनदा लावला. व्यापारी म्हणाला, “लावा की आजून एकडाव.” तर वडील म्हणाले, “नगं. दोनदा कट केला म्हंजी सायबांपुढं बसलाय त्यो. त्याच्या कामात खोडा नगं.”

संध्याकाळी ते काठी आणि कुत्रं घेऊन चालत घरी आले. पुढं कितीतरी दिवस ते कुत्रं शेजारच्यांच्या शेळ्या हाकलत आणून आमच्या मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात कोंडायचं. शेजारीण भांडायला यायची आणि वडील शेळ्या मोजून परत द्यायचे.

कंपनीत गुंतवणूक करायला आलेल्या त्या माणसांनी पैसे दिले नाहीत. चार-सहा महिन्यांत कंपनी मिटली. आता मी जुने मोबाईल दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्या दुसऱ्या एका नव्या कंपनीत आहे. हा धंदा सध्या जोरात आहे. तिथलाच एक टच फोन मी वडिलांना आणून दिला आणि बोलून शोधायचं कसं ते शिकवलं. ते दिवसभर ओट्यावर बसतात, फोन तोंडाजवळ धरून “मेंढरं” म्हणतात आणि कुठल्या कुठल्या मुलखातले कळप बघत राहतात.

“ती मागली लंगडतीय बग. आरं, खूर काप की तिचं!”

“त्यो तितनं ऐकतोय व्हय तुमचं?” आई आतून म्हणते.

“न्हाय ऐकला तर मेंढी जाईल त्याची. माजं काय!”

गेल्या दिवाळीत दुपारी मी शेजारी बसलो होतो. वडिलांनी चाललेला व्हिडिओ थांबवला. तो थांबवता येतो हे त्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

“एक इचारू?”

“विचारा की.”

“त्या दिशी फोन लागला आसता, तर काय म्हणला आसतास तू?”

इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. समोरच्या वाड्यात आता आईनं मेथी लावली आहे, तिकडं बघत म्हणालो, “विका म्हणलो असतो, आबा.”

“नक्की?”

“नक्की. गुडघे कुठं चालत होते तुमचे?”

त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला. मग म्हणाले, “मंग झालं तर. मला आपलं वाटायचं, घाई केली म्या.”

“नाही, आबा. बरोबर केलंत.”

त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, असं आई म्हणाली. मला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणून मी उठलो.

मी नको म्हणणार होतो. आमच्या घरात वाचता येणारा मी एकटाच आहे, म्हणून एवढं इथं लिहिलं.