दहाव्या अर्जाचे पोहे

१६ जून २०२२, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. पुणतांब्याजवळच्या आमच्या घरासमोर एक मोटारसायकल थांबली आणि तिच्यावरून दोन गृहस्थ उतरले. वेळ नेमकी सांगता येते, कारण बारावीचा निकाल लागल्यापासून मी वहीत नोंदी ठेवत होते: कोणत्या महाविद्यालयाचे प्राध्यापक आले, किती वेळ बसले, काय म्हणाले. आमच्या भागात विज्ञान शाखेतून बरे गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालय शोधावे लागत नाही. महाविद्यालयच त्याचे घर शोधत येते. हे त्या आठवड्यातले पाचवे पथक होते.

त्यांतले वयस्कर गृहस्थ तालुक्याच्या गावातल्या एका लहानशा खाजगी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी पाणी घेतले, गुणपत्रिका पाहिली, मग जन्मतारीख विचारली आणि एक फोटो मागितला. आईने पोहे टाकले होते.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू हे सारे पाहत होत्या. दोन अनोळखी पुरुष, हातात फाईल, मुलीची जन्मतारीख, मुलीचा फोटो आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. उपलब्ध पुराव्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तर्कदृष्ट्या निर्दोष होता.

"अगं, एवढ्यात?" त्या थेट ओट्यावर आल्या. "निकाल लागून आठ दिस न्हाई झाले. आन् मुलगा कुठंय?"

"मुलगा न्हाई काकू, कॉलेजचे सर हायेत," आई म्हणाली. "पोरीला न्यायला आलेत."

"तेच म्हनते मी. न्यायला आलेत तर चौकशी नको? घर कसं हाय, मानसं किती हायेत..."

सरांनी बशी खाली ठेवली. "घर लहान आहे, ताई," ते गंभीरपणे म्हणाले. "माणसं मोजकी. पण मुलीला सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळेल, एवढी हमी देतो."

मला पुण्याला जायचे होते. तिथल्या महाविद्यालयांची यादी मोबाईलवर उघडीच होती. सरांनी ती पाहिली, पण निंदा केली नाही. "तिथं एका उपकरणाभोवती आठ जण उभे असतात. एक जण प्रयोग करतो, सात जण आकडे उतरवतात. आमचं उपकरण जुनं आहे, पण ते तुझ्या एकटीच्या हातात असेल."

मी मनातल्या मनात आठने भागाकार केला आणि अर्ज भरला. तिसऱ्या वर्षाला पदार्थविज्ञान हा विशेष विषय मिळेल ना, एवढे विचारून घेतले. "मिळेल," सर म्हणाले. किती विद्यार्थी असले तर मिळेल, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. इतक्या काटेकोर वहीतली ही पहिली अपूर्ण नोंद.

सरांचा शब्द अक्षरशः खरा निघाला. स्पेक्ट्रोमीटर माझ्या एकटीच्या हातात असे, कारण त्याचा ढिला स्क्रू डाव्या अंगठ्याने दाबून धरावा लागे आणि ती कला दुसऱ्या कुणी शिकून घेतली नव्हती. दुसऱ्या वर्षी अशाच एका दुपारी सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ माझ्या डोळ्यांदेखत दोन रेघांत विभागली. पुस्तकात ते दहा वेळा वाचले होते. तरी मी तीनदा पुन्हा पाहिले, आणि एम.एस्सी. याच विषयात करायचे हे तिथेच ठरवले.

मग २०२४च्या जुलैत सूचनाफलकावर कागद लागला. विशेष विषयासाठी किमान दहा अर्ज हवेत. मुदत शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत. कमी पडल्यास सर्वांना रसायनशास्त्रात सामावून घेण्यात येईल. म्हणजे माझी एम.एस्सी. तिथेच संपणार होती. माझा धरून अर्ज आले होते चार. माझ्या वर्गाचे म्हणणे सरळ होते: रसायनशास्त्र घेतले तर एमआयडीसीत नोकरी लागते, पदार्थविज्ञान घेतले तर आणखी पदार्थविज्ञान शिकावे लागते.

मी वर्गातल्या प्रत्येकाची अर्ज भरण्याची संभाव्यता मांडली, बेरीज केली आणि कागद सरांपुढे ठेवला. उत्तर होते १०.६.

"पॉइंट सहा विद्यार्थी कोणत्या बाकावर बसवायचा?" सरांनी विचारले. मग चष्मा पुसत म्हणाले, "विषय वर्गात ठरत नाही गं. घरी ठरतो. घरी जा, पोहे खा."

चार दिवसांत वडिलांच्या स्कूटरवरून अकरा घरे झाली आणि अकरा बशा पोहे. गुरुवारपर्यंत अर्ज नऊ. शेवटचे घर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे, नदीकाठच्या गावातले. तिचा अर्ज लिहून तयार होता. फक्त पालकाची सही हवी होती.

तिच्या आईने मला बसवले, बशी दिली आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिले. "बाकीची मंडळी मागनं येत्यात का?"

"कोणती मंडळी, मावशी?"

"मुलाकडची. उद्या चारला बघायला येनार हायेत. आदल्या दिशी कुनीतरी घर बघून जाईल म्हनले व्हते. तू त्यातलीच ना?"

"मी मुलाकडची नाही. पदार्थविज्ञानाकडची आहे."

मावशी इतक्या हसल्या की मैत्रीण आतून धावत आली. "मग तुमी काय देता?"

दोन वर्षांचे विश्लेषण गाठीशी असतानाही मला सरांचेच वाक्य आठवले. "एक उपकरण. जुनं आहे. पण तिच्या स्वतःच्या हातात असेल."

"बघू," मावशी म्हणाल्या. "एका येळी दोन स्थळं आली म्हनायची." दारात उभ्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले नाही. घरी येऊन मी नोंद केली: संभाव्यता ०.२.

शुक्रवारी साडेचारला कार्यालयात अर्ज नऊच होते. पावणेपाचला हेडक्लार्कने पेनाला टोपण लावले. सर खिडकीशी उभे राहून कुठेच नसलेले पाखरू पाहत होते. पाचला चार मिनिटे कमी असताना फाटकाशी रिक्षा थांबली. आधी मावशी उतरल्या, मग रेशमी साडीतली माझी मैत्रीण, आणि मग स्टीलचा मोठा डबा.

"मुलाकडच्यांचा फोन आला, गाडी उशिरा निघाली, सातला पोचतो," मावशी जिना चढताना सांगू लागल्या. "म्हनलं, सात तर सात. तवर दुसऱ्या स्थळाचं उरकून येऊ. पोहे गार व्हनार व्हते, तेबी आनले. आन् त्यांना सांगनार हाय, पोरगी एक वर्स बुक हाय." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "मानसं किती तुमच्यात?"

"नऊ," सर म्हणाले.

मावशींनी पेन घेतले आणि एकेक अक्षर जोडत सही केली. हेडक्लार्कने अर्ज मोजले. सरांनी मोजले. एका निरीक्षणावर विसंबू नये, असे त्यांनीच शिकवले होते. म्हणून मीही मोजले. मग डब्यातले पोहे खाताना बोटांना लागलेली हळद पुसून वही उघडली.

तीन निरीक्षणे. सरासरी: १०.०