आत्या मेट्रो स्टेशन पाहून येते

निफाडच्या स्टँडवर मी आणि कमळाआत्या नाशिकची एसटी धरायला उभ्या होतो, तेव्हा आत्याच्या पिशवीत एक नारळ होता आणि माझ्या मनात एक पापी इच्छा होती. नारळाचं आधी सांगते.

कमळाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्या शेजारच्या घरात एकटी राहायची. मुलगा सुधीर नाशिकला नोकरीला. गंगापूर रोडच्या पुढे त्याने फ्लॅट घेतलाय. बायको पुण्याला कामाला, ती शनिवारी येते. आईने आता नाशिकलाच यावं म्हणून तो दर रविवारी फोनवर विनवण्या करायचा. आत्याचं उत्तर ठरलेलं. "माझे गुडघे यष्टीची पायरी चढत नाय. तिथं काय घरात कोंडून बसू?"

शेवटी सुधीरने हुकमाचा पत्ता टाकला. "आई, बिल्डिंगच्या समोरच मेट्रोचं स्टेशन होणार आहे. लिफ्टने वर जायचं, गारेगार डब्यात बसायचं, एकटीने देवदर्शन करून यायचं."

मी आत्याला स्पष्ट सांगितलं, "अगं, नाशिकची मेट्रो पेपरात येते, रस्त्यावर येत नाही."

"तू जाऊन पाह्यलंस?"

"नाही."

"मग? स्थळ पाह्यल्याबिगर नकार देऊ नये."

इथे तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. आमच्या घराण्यातली निम्मी लग्नं आत्याने स्थळं पाहून जमवली आहेत. तिची रीत अशी: नवऱ्या मुलाला फार विचारायचं नाही, आजूबाजूला विचारायचं. शेजारीण, किराणावाला, पिठाची गिरणी. उत्तर तिथल्या तिथे कधी द्यायचं नाही, निघताना एवढंच म्हणायचं, "घरी जाऊन कळवते." पण पिशवीत नारळ असायचा. स्थळ पसंत पडलं, तर तो त्यांच्या देवापुढे गुपचूप ठेवून यायचा. नापसंत असलं, की नारळ घरी परत आणि दुसऱ्या दिवशी त्याची चटणी.

माझी पापी इच्छा एवढीच, की या नारळाची चटणी व्हावी. आत्या गेली तर संध्याकाळी भिंतीवरून "शोभे, चहा टाकला का गं?" अशी हाक कोण मारणार? मला ती हवी होती, माझ्या शेजारी, अगदी स्वार्थाने.

एसटीत चढताना कंडक्टरने वरून ओढलं आणि मी खालून ढकललं. खिडकी मिळताच आत्या प्रसन्न झाली. चांदोरीपर्यंत तिने प्रत्येक द्राक्षबागेला मार्क दिले. "ह्यानं घड लय ठेवलेत. लोभी दिसतो." नांदूर नाका आल्यावर बागा संपल्या, इमारती सुरू झाल्या आणि परीक्षकबाई झोपी गेल्या.

नाशिकला निमाणीच्या स्टँडवर उतरून आम्ही मिसळ खाल्ली. आत्याने पापड चुरून मिसळीत घातला, तर्री (वरचा तिखट तवंग) दोनदा मागून घेतली आणि डोळे पुसत जाहीर केलं, की नाशकात पूर्वीसारखं तिखट राहिलेलं नाही. मग ती रिक्षात बसली आणि ऐटीत म्हणाली, "मेट्रोच्या टेसनावर घे."

रिक्षावाला वयस्क होता. त्याने आरशातून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सुधीरच्या बिल्डिंगचा पत्ता सांगितला.

"टेसन माहीत नाय का तुला?" आत्याने विचारलं.

"माहीत हाय ना आजी. माझ्या पोरीच्या लग्नात वऱ्हाड मेट्रोनंच आणायचं ठरलं होतं. आता ती बाळंतपणाला पण येऊन गेली."

"मंग वऱ्हाड कशानं आलं?"

"ह्याच रिक्षानं. चार फेऱ्या मारल्या."

आत्याला त्याचं बोलणं आवडलं. तिने त्याच्या नातवाचं नाव विचारलं आणि उतरताना त्याला मूठभर बेदाणे दिले.

सुधीर अर्धी रजा टाकून रस्त्यावरच उभा होता. त्याने आईचा कोपर धरून तिला रस्ता ओलांडून दिला आणि पलीकडे पोचल्यावर एखाद्या गाइडसारखा हात पसरला. "आई, हे बघ. खांब इथे येणार, स्टेशन वर, आणि लिफ्ट बरोब्बर तिथे." तिथे, म्हणजे लिफ्टच्या जागी, एक कुत्रं निवांत झोपलं होतं. दुभाजकात बोगनवेल फुलली होती. कडेला लाल रंग फासलेला एक दगड होता, तो मेट्रोच्या मोजणीचा असल्याचं सुधीरने सांगितलं. शेजारच्या टपरीवरची चहावाली लगेच म्हणाली, "तो पाइपलाइनवाल्यांचा हाय." सुधीरला नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत लांब गेला.

आत्या टपरीच्या बाकड्यावर टेकली. मी ओळखलं, आता चौकशी सुरू.

"बाई, हे मेट्रोचं स्थळ कसं काय?"

चहावालीही तयारीची निघाली. "घराणं मोठं हाय आजी. बोलणी पण जोरात व्हतात. फक्त नवरदेवाचा पत्ता नाय."

मी मनातल्या मनात नारळ किसायला घेतला.

आत्या हसली. चहाचा घोट घेतला, आणि मग लांब उभ्या असलेल्या सुधीरकडे हनुवटीने खूण करून तिने सहज विचारलं, "आन् तो गडी?"

"ते साहेब? रोजचं गिऱ्हाईक. कामावरून सुटले की हितंच बसतात, तुमी बसलाय तिथं. एक चहा झाला की दुसरा. मी टपरी बंद करायला लागले तरी उठत नाय. म्हणतात, घरी जाऊन काय करू?"

चहा निवेपर्यंत आत्या बाकड्याच्या फळीवर हात फिरवत राहिली.

सुधीरने जेवायला वरणभात केला होता. भात खाली लागला होता, तो आत्या मुकाट्याने जेवली, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. निघताना तिने देवघराला हात जोडले आणि दारात येऊन म्हणाली, "घरी जाऊन कळवते." सुधीरला आईची ही भाषा लहानपणापासून ठाऊक; त्यामागून बहुतेक वेळा नकारच यायचा. त्याचा चेहरा इतका पडला, की मला झालेला आनंद माझा मलाच आवडेना. त्याने खाली येऊन रिक्षा करून दिली. वळण येईपर्यंत तो त्या लाल दगडापाशी उभा होता.

परतीच्या एसटीत आत्याने एकाही बागेला मार्क दिले नाहीत. निफाडला उतरताना मी तिची पिशवी घेतली, तर ती हलकी लागली. मी आत हात घातला.

"आत्या, नारळ?"

"ठेवला."

"अगं, पण तिथे स्टेशनच नाही!"

"नाय ना. मला काय दिसत नाय का?" तिने माझा दंड धरला आणि पायरीवरून एक-एक पाय खाली टाकला. "मेट्रो यायची तवा येईल. माझं पोरगं तिथं एकलंच बाकड्यावर बसतंय, शोभे."

मला रडू आलं. स्टँडवर सगळ्यांदेखत आलं. आत्या म्हणाली, "गप. तुझ्या लग्नाचा नारळ ठेवला तवा बी अशीच रडली व्हतीस."

पंधरवड्यात ती नाशिकला राहायला गेली. आता पेपर आला की मी आधी मेट्रोची बातमी शोधते. मेट्रो होणार नाही असं कुणी माझ्यासमोर म्हटलं, तर मला राग येतो. आणि संध्याकाळी फोन वाजतो. मागे रहदारीचा गोंगाट, कपबशांचा आवाज, सुधीरचं हसू. आत्या ओरडते, "शोभे, चहा टाकला का गं?"

"टाकला. मेट्रो आली का?"

"आली की कळवते."