सुयांची उशी

अमेरिकेतल्या न्यू लिंडेन गावात ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी कुत्र्यांची मिरवणूक निघते. कुत्र्याला सोंग, मालकालाही सोंग, आणि दोघांचं मिळून काहीतरी एक झालं पाहिजे, असा नियम. कुत्रा मधमाशी तर मालक फूल. कुत्रा पोलीस तर मालक चोर. एरवी रस्त्यात एकमेकांना ओळख न देणारी माणसं त्या दिवशी शेजाऱ्याच्या कुत्र्याला लावलेले पंख बघून डोळे पुसतात. यातली बहुतेक सोंगं शिवायची व्हर्ना हेल्मिग, आणि व्हर्नाला या सगळ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता.

व्हर्नानं उमेदीची सगळी वर्षं गावच्या शवपेट्यांच्या कारखान्यात अस्तरं शिवली होती. सॅटिनच्या चुण्या, कडेची झालर, डोक्याखालची छोटी उशी. गावात जो कोणी जाई तो व्हर्नाच्या चुण्यांत निजून जाई. तिचा नवरा लिओ गेला तेव्हा त्याचं अस्तरही तिनंच शिवलं, आणि दफनाच्या दिवशी रडायचं सोडून झाकणाची बिजागरी वाकडी बसवली म्हणून कारखान्यातल्या सुताराला सगळ्यांदेखत झापलं. पुढं कारखाना बंद पडला. मग कुणीतरी कुत्र्याचा पोशाख शिवून मागितला, दुसऱ्यानं बघितला, आणि व्हर्नाच्या गॅरेजात हे दुकानच सुरू झालं. मेलेलं गिऱ्हाईक बरं असतं, असं ती म्हणायची. ते हलत नाही आणि पंख मागत नाही.

ती बसकी, रुंद, गाल ओघळलेले, खालचा जबडा जरा पुढं आलेला. डोक्यावर करडा अंबाडा, नाकावर चष्मा, गळ्यात मापाची टेप, अंगात करडा एप्रन, आणि डाव्या मनगटावर आईची जुनी सुया खोचायची उशी. इकडच्या प्रत्येक शिवणाऱ्या बाईकडे असते तशीच ती, कापडाचा लाल टोमॅटो, वर हिरवी पानं. बोलता बोलता व्हर्ना त्या टोमॅटोत सुई अशी खुपसायची की समोरचा माणूस आपलं अंग चोरून घ्यायचा.

आता गिऱ्हाइकांचा एवढा तिटकारा, तर ती हे काम करायची कशाला? याचं एक कारण होतं आणि ते गावात कुणालाच कळलं नव्हतं. कुणाला कसलं सोंग द्यायचं हे व्हर्ना ठरवायची, आणि त्या सोंगातून ज्याला त्याला त्याची लायकी दाखवायची.

दातांचा डॉक्टर केंट ओव्हर्ली. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश, चर्चमध्येही आपले दात दिसावेत म्हणून हसत बसणारा. त्याच्या ठिपक्याठिपक्यांच्या कुत्र्याला तिनं आग विझवणारा जवान केलं, आणि ओव्हर्लीला केलं आगीच्या बंबाला पाणी पुरवणारा रस्त्याकडेचा लाल नळ. गावातला झाडून प्रत्येक कुत्रा ज्याच्यापाशी तंगडी वर करतो, तो नळ. ओव्हर्लीला सोंग इतकं आवडलं की त्यानं तो फोटो दवाखान्यात लावला.

नगरपालिकेतल्या बाई डेब्रा स्टंफ एकदा बोलायला लागल्या की समोरच्याची कॉफी गार होई. त्यांना तिनं पोपट केलं, आणि त्यांच्या गरीब म्हाताऱ्या कुत्र्याला पिंजरा. बाई म्हणाल्या, रंग अगदी माझ्या स्वभावाला शोभतात.

क्रेग आणि मिस्टी यांनी क्रेगच्या आईला म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलं होतं, आणि कुत्रीला मात्र बाबागाडीतून फिरवत होते. व्हर्नानं कुत्रीला पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि विणलेली शाल दिली, आणि नवरा-बायकोला आश्रमातल्या नोकरांचे निळे कपडे. आता तरी यांना काही टोचेल, असं तिला वाटलं होतं. मिस्टी म्हणाली, "अहो मिस व्हर्ना, किती गोड सुचलं हो तुम्हाला. आमच्या सासूबाईंना फोटो पाठवते."

अशी ही माणसं. मिरवणुकीच्या दिवशी व्हर्ना बेकरीसमोर घडीची खुर्ची टाकून बसायची आणि आपण शिवलेले सगळे अपमान ओळीनं टाळ्या घेत जाताना बघायची. वर्षातलं तिचं सुख तेवढंच. कुणालाही काही कळत नाही याचा तिला जेवढा आनंद होता, तेवढाच राग होता.

कळायचं फक्त एका बाईला, तिच्या धाकट्या बहिणीला, अल्माला. अल्मानं लग्न केलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात काचेमागं उभं राहून, केसांना जाळी बांधून, तिनं गावातल्या पोरांच्या दोन पिढ्यांना बटाट्याचा लगदा वाढला. लिओ गेल्यापासून दोघी बहिणी एकत्र राहत होत्या. अल्मा गॅरेजात येई, अर्धवट शिवलेलं सोंग बघे, गालात हसे आणि निघून जाई. तिला कळणारच. व्हर्नाचं टोचून बोलणं ती लहानपणापासून ऐकत आली होती. तुझा केक बसला, तुझी चाल बदकाची, तुझ्या डोक्यात लगदाच भरलाय, हे रोजचं होतं. अल्मा उलटून बोलायची नाही.

अल्माची कुत्री होती गर्टी. जाडजूड, ओघळत्या गालांची, चपट्या नाकाची बुलडॉग, आता म्हातारी झालेली. त्या वर्षी सप्टेंबरात गुरांच्या डॉक्टरनं तिची छाती तपासली आणि म्हणाला, हा हिवाळा निघाला तर नशीब समजा. त्यानंतर आठवडाभरानं, सकाळी कॉफी पिताना अल्मा म्हणाली की या वर्षी आपल्यालाही गर्टीला घेऊन मिरवणुकीत चालायचंय. एकदाच. जन्मभर काचेमागं उभी राहिले, एकदा रस्त्याच्या मधोमध चालून बघावंसं वाटतं. माझं नि गर्टीचं मिळून काहीतरी शिवशील का?

व्हर्नाला हसूच आलं. तिनं विचारलं, "तू मिरवणुकीत? रस्त्यात कुणी नमस्कार केला तर बुटांकडे बघतेस तू."

"म्हणूनच म्हणते, सोंग असलं तर बरं."

"तुला कसलं सोंग द्यायचं गं? कशात काही नाही. उशी कर तुझी. उशी तेवढी शोभेल तुला."

अल्मानं कप खाली ठेवला. मग अगदी हळू, रोज हवेबद्दल बोलावं तशी म्हणाली, "जोलीनचा परत फोन आला होता. फोर्ट वेनला खालच्या मजल्यावरची खोली रिकामी ठेवलीय तिनं माझ्यासाठी. हॅलोविन झालं की मी जाईन म्हणते. गर्टीला घेऊन."

जोलीन ही त्यांची भाची. व्हर्ना म्हणाली, जा की, माझं कापड ठेवायला एक खोली होईल. आणि गॅरेजात जाऊन तिनं मशीनवर पाय मारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत तिनं एका कुत्र्याच्या कोटाची डावी बाही उजवीकडे लावली होती. सगळी उसवावी लागली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि याचाही दोष तिनं त्या कुत्र्यालाच दिला.

पुढचे दिवस घरात बोलणं कमी झालं. अल्मा जेवण झालं की तळघरात जाऊन दार लावून घेई. सामान बांधत असणार, असं व्हर्नानं धरलं. दोनदा ती तळघराच्या दारापर्यंत जाऊन आली. काहीतरी शिवून देऊ का, हा एवढा प्रश्न विचारायचा होता, पण ज्या तोंडानं इतकी वर्षं फक्त टोचलं, त्यातून तो बाहेर पडेना. तिचा एक जुना एप्रन मधेच सापडेनासा झाला. मोडक्या चष्म्याची फ्रेमही. खोकीच्या खोकी भरताना अल्माच्या सामानात गेलं असेल, म्हणून ती अल्मावरच चिडून बसली.

मिरवणुकीचा शनिवार उजाडला. मेपलची पानं रस्त्यावर पडली होती, चर्चच्या बायकांनी सफरचंदाचा गरम रस आणि डोनट मांडले होते. व्हर्ना आपल्या खुर्चीत बसली. शेजारी पोस्टातून निवृत्त झालेला अर्ल ड्वेंगर होता, फुकटचा डोनट खात. अल्मा सकाळीच कुठं गेली, हे तिनं विचारलं नव्हतं.

ओव्हर्ली लाल नळ होऊन गेला, दात काढून. सलग दुसऱ्या वर्षी त्यानं तेच सोंग हट्टानं घातलं होतं. स्टंफबाई पिसं हलवत गेल्या. क्रेग-मिस्टी गेले आणि बायका हळहळल्या, कुत्री किती आजीसारखी दिसते. व्हर्नानं मनातल्या मनात सगळ्यांना गाढवांत जमा केलं.

मग वरच्या अंगाला हशा उठला. नेहमीचं कौतुकाचं हसू नव्हतं ते. माणसं पोट धरून हसत होती आणि हसता हसता बेकरीच्या दिशेनं बघत होती. व्हर्नाला वाटलं, मागं काहीतरी झालं असेल. तिनं वळून बघितलं तर मागं कोणी नव्हतं.

रस्त्याच्या मधोमध गर्टी येत होती. अंगात करडा एप्रन, कापून लहान केलेला. गळ्यात मापाची टेप. नाकावर मोडक्या चष्म्याची फ्रेम, इलॅस्टिकनं बांधलेली. डोक्यावर करड्या लोकरीचा अंबाडा. गाल ओघळलेले, खालचा जबडा पुढं, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दलची नापसंती. ती तर तिच्या चेहऱ्यावर जन्मापासूनच होती.

अर्लच्या तोंडातला डोनट पडला. तो म्हणाला, "व्हर्ना, ही तर तूच गं."

आणि कुत्रीच्या मागं चालत होता एक भलामोठा लाल टोमॅटो. डोक्यावर हिरवी पानं, वेडेवाकडे टाके, आत कोंबलेला कापूस कुठं फुगलेला कुठं बसलेला. त्या टोमॅटोच्या पोटात, पाठीत, खांद्यांत, सगळीकडे विणायच्या लांब सुया खोचलेल्या. टोमॅटोतून अल्माचा चेहरा बाहेर आला होता, लाजेनं लाल झालेला, पण मान वर. रस्त्याकडेला उभी असलेली मोठमोठी माणसं, एकेकाळी तिच्या हातचा लगदा खाल्लेली, तिला नावानं हाका मारत होती.

इतकी वर्षं या गावाला एकही सोंग कळलं नव्हतं. हे मात्र सगळ्यांना झटक्यात कळलं. लाल नळ झालेला ओव्हर्लीसुद्धा मागं वळून हसत होता, आणि तो व्हर्नाला हसत होता.

गर्टी खुर्चीसमोर आली, हवेत नाक वर करून वास घेतला आणि तिथंच फतकल मारून बसली. दोन जबडे समोरासमोर आले. मिरवणूक थांबली. अल्मा दोरी ओढून दमली आणि मग थांबली.

"उशी म्हणाली होतीस ना," ती म्हणाली.

व्हर्ना त्या सुयांकडे बघत होती. किती होत्या त्या, आणि एकही नुसती अडकवलेली नव्हती, सगळ्या मुळापर्यंत गेलेल्या. मग तिची नजर खाली आली आणि चेहरा कडू झाला.

"डावीकडची शिवण उसवतेय," ती म्हणाली. "एकेरी दोऱ्यानं शिवलंस? एवढं ओझं एकेरी दोऱ्यावर? चार पावलांत सगळा कापूस रस्त्यावर येईल."

ती उठली, कोटाच्या खिशातून ओवलेली सुई काढली आणि भर रस्त्यात बहिणीपाशी गुडघे टेकून शिवायला बसली. लोकांना वाटलं, हाही सोंगाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. गाढवंच ती. व्हर्ना टाके घालत राहिली, जवळजवळ, शवपेटीच्या झालरीला घालायची तसे. शेवटी गाठ मारली, दोरा दातानं तोडला, आणि सवयीनं तिचा हात सुई खोचायला समोरच्या लाल कापडाकडे गेला.

तिथं तो अडला. अल्मा वरून बघत होती. व्हर्नानं हात मागं घेतला आणि सुई स्वतःच्या कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली.

"चाल आता," ती म्हणाली. "रस्ता अडवलाय तुम्ही दोघींनी."

पहिलं बक्षीस लाल नळालाच मिळालं. या गावाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. टोमॅटोला उत्तेजनार्थ म्हणून कुत्र्याच्या बिस्किटांची पिशवी मिळाली.

घरी आल्यावर गर्टी एप्रनासकट शेगडीपुढं आडवी झाली आणि घोरू लागली. व्हर्नानं सुया एकेक करून ओढून काढल्या, टोमॅटो जेवणाच्या टेबलावर पालथा घातला आणि त्याची शिवण उसवायला घेतली, तोंडानं पुटपुटत. असे टाके शाळेतल्या पोरी घालतात. हा कापूस आहे की गवत. हिरव्या रंगाची ही छटा कुठल्या आंधळ्यानं विकली.

अल्मा म्हणाली, "उसवतेस कशाला? एकदाच घालायचं होतं ते."

"आणि पुढच्या वर्षी हेच ध्यान घालून जाणार का?"

अल्मानं घोरणाऱ्या कुत्रीकडे बघितलं. "पुढच्या वर्षी गर्टी कुठली असायला."

व्हर्नानं मान वर केली नाही. सुईत दोरा ओवला, दुहेरी करून गाठ मारली.

"मग मी आहे की," ती म्हणाली. "एप्रन माझाच आहे. जबडाही तोच आहे."

अल्मा बराच वेळ हसत राहिली, मग टिपं पुसून फोनकडे गेली. जोलीनशी ती हळू बोलत होती, पण व्हर्नाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. नाही गं, ती खोली तुझ्या पोराला देऊन टाक. पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येऊ, दोघी, आणि गर्टी असली तर तीही.

"आणि तिला सांग," व्हर्नानं आतून आवाज दिला, "की मागच्या वेळी टर्की वातड होती."