माडीचा धूर

"जा ना, खुशाल जा! पण संध्याकाळची चूल कोण पेटवन? तुह्या त्या पिंजाऱ्याची माय?"

"तानाबाई पेटवन."

"ते आंधळी हाय. चूल समजून सोताचं लुगडं पेटवन."

यावर आधी माडीतली म्हातारी तानाबाईच हसली, मग हे म्हणणारी बानोखाला, आणि मग जिचं भांडण होतं ती मुबीनाआपासुद्धा. मी तेव्हा परकरातली पोर, भिंतीच्या अलीकडे भाकरीच्या टोपल्यापाशी बसलेली. आमची आणि माडीची भिंत एकच. त्यांच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी आम्हाला कळायचं. हसणं थांबलं आणि आपा रडायला लागली, तेही कळलं.

भांडण लग्नाचं होतं. आपा म्हणजे बानोखालाची भाची. वरवट बकालचा नौशाद पिंजारी गाद्या भरायला आमच्या मोताळ्यात यायचा. त्याला आपा पसंत होती, माडी पसंत नव्हती. "निकाह करतो, पण बायको माह्या घरी राहीन," एवढंच त्याचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. पण आपाला एक संध्याकाळही माडी सोडता येत नव्हती. का, ते सांगायचं तर पार मेहेरबाईपर्यंत मागं जावं लागतं.

मेहेरबाई माडीची पहिली मालकीण. राणीच्या छापाच्या रुपयाचा तो काळ. वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि हातात सोनं आलं की पुरुषाचे पाय घरी टिकत नाहीत. एका बड्या सावजीनं, कापसाच्या व्यापाऱ्यानं, तिला ही माडी बांधून दिली. वर भिंतभर आरसे, झुंबरं, मखमलीचे तक्के, पायऱ्यांवर गुलाबपाणी. गावातले म्हातारे हे सांगताना अजून मिशीवरून हात फिरवतात. जसे काही तेच वर जाऊन आले! बानोखालानं मला आत नेऊन वेगळंच दाखवलं. मागच्या खोल्यांच्या दारांना आतून कडी नव्हती. साऱ्या कड्या बाहेरून. मेहेरबाई स्वतः लहानपणी विकली गेलेली. पण किल्ल्या कमरेला आल्या तशी तीही पोरी विकत घेऊ लागली. संध्याकाळी सजवायची, सकाळी कोंडायची. गुलाबपाणी पायऱ्यांना, पोरींना कडी.

तिला कोंडणाराही होताच. सावजी मोठा संशयी. ही दुसऱ्या कोणाबरोबर पळून जाईल, हा त्याला घोर. म्हणून त्यानं बोली केली: "जोवर रोज संध्याकाळी माडीतून चुलीचा धूर निघन, तोवर माडी तुम्हा बायांची. ज्या संध्याकाळी धूर दिसला नाही, त्या दिवशी माही." मग रोज आपल्या गच्चीवर बसून तो धूर पाहायचा. लोक ईदेचा चांद पाहतात ना, तसा.

मेहेरबाई गेली, सावजी गेला, आरसे विकले गेले, तो धंदाही बंद पडला. बोली तेवढी राहिली. मागं उरलेल्या बायांनी कापूस वेचला, गोधड्या शिवल्या. पण माडीवाली म्हटलं की गावातली रिकामी खोलीसुद्धा भरलेली निघायची. बानोखाला आणि तानाबाईला हे एकच छप्पर. एकीचे हात थरथरायचे, दुसरीला दिसत नव्हतं. आपानं नौशादला सांगितलं, "थोडा थांब." तो थांबलाही. पण त्याची माय थांबली नाही, तिनं दुसरी सून आणली.

दोघी म्हाताऱ्या गेल्या, तेव्हा मी म्हटलं, "आपा, आता तरी जा."

"कुठं जाऊ व? जवानी देऊन हे छप्पर राखलं. आता फुकट सोडू?"

माझा नवरा आमच्याच घरी राहायला आला, म्हणून ती भिंत सुटली नाही. माझ्या लग्नात आपा पंगतीआधी उठली, माझ्या नातीच्या, मनालीच्या, लग्नातही उठली. दिवस कलला की मला हाक मारून हिचं सुरू, "चूल, सिंधे, चूल!" स्वतःच्या बहिणीच्या घरी दुसरबीडला कधी मुक्काम केला नाही. अलीकडे सरकारी गॅस आला. साऱ्या बाया खूश, आणि ही त्या निळ्या जाळाकडे चोराकडे पाहावं तशी पाहत बसली.

"सिंधे, याले तं धूरच नाही!"

मग तिनं तोड काढली. भाकर गॅसवर, आणि चुलीत नुसत्या कापसाच्या काड्या, आमच्या पऱ्हाट्या. म्हणायची, "भाकर माही, धूर सावजीचा." खोकला मात्र तिचाच. डॉक्टरनं धूर बंद करायला सांगितला तर म्हणे, "त्याच्या बापानं मले माडी देली काय?"

शेवटी एके सकाळी सावजीचा पणतू भगवानराव दारात आला. मी तिथंच डाळ निवडत होते.

"मावशी, ते चूल बंद करा ना. तुमचा खोकला आमच्या घरापर्यंत येते."

"हाव, म्हणजे तुम्ही माडी घ्यायले मोकळे."

"माडी कायले घेऊ मी?"

"धुराची बोली हाय ना तुमच्या पणज्याची."

भगवानराव माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. "कोणती बोली? आमच्या घरात तं कोणी कधी काढली नाही."

"मंग रोज संध्याकाळी गच्चीवर बसून काय पाहता?"

"कबुतरं."

आपा हसली. खोकला येईस्तोवर हसली. तो गेल्यावर हळूच म्हणाली, "म्हणजे मी कोणाच्या पहाऱ्यात होती व, सिंधे?"

मी म्हटलं, "आज माह्या घरी जेव, तिथंच नीज." आली. ताटावर बसली. ऊन भिंतीवरून उतरलं तसा तिचा घास थांबला. "डोक्याले समजलं व, पण पाय ऐकत नाहीत," म्हणाली, आणि हात धुऊन गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पऱ्हाट्या आणायला इंद्रभानच्या शेतात निघाली. तिची नजर अधू, म्हणून सोबत मी. दुसऱ्या सकाळी ती उठणार नाही, हे मला माहीत असतं तर मी तिला जाऊ दिलं नसतं. किंवा दिलंच असतं. तिला अडवणार कोण?

"ओल्या दे बे, इंद्रभान. वाळल्याचा धूर होत नाही."

"मावशी, सारं गाव वाळल्या मागते, तुमचंच उलटं!"

"तुह्या गावाले चूल पेटवायची असते. दे, बांध नीट."

भारा तिनं स्वतःच उचलला. वाटेत दोनदा खोकायला थांबली, मला हात लावू दिला नाही. मागच्या दारानं आत गेली, मी माझ्या घरात आले तोवर भारा आपटल्याचा आवाज भिंतीतून आला, मग काड्या मोडल्याचा, मग फुंकणीचा.