बारा तिरप्या, सतरा सरळ
ओल्या सिमेंटचा वास आला की गोसीखुर्द धरणाजवळच्या पुनर्वसित गावातला आमच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. मध्ये टोकाला टोक लावून तिरप्या आणि कडेला सरळ अशा चौरस फरशा बसवणारी बाई म्हणाली, “सर, पाच तिरप्या सात सरळ फरशांहून बोटभर वाढते. बारा लावल्या तं सतराले अर्धं बोट कमी पडते. एकोणतीसले एक्केचाळीस, फरक सांध्यातच मुरते.” “चौरसाचा कर्ण, दोनाचं वर्गमूळ आहे ते बाई, जन्मात जुळत नाही,” मी पोरांदेखत हसलो. पोरंही हसली. “जुळत नाही, पन जवळ तं येते,” म्हणत ती सांधे पुसत राहिली. घरी गुणाकार करून पाहिले, तिचे सगळे आकडे खरे निघाले. पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात तेच मी माझं म्हणून मांडलं आणि टाळ्या घेतल्या. आज कबूल करायचं म्हटलं तरी तिचं नाव सांगता येत नाही. मी ते विचारलंच नव्हतं.